हातात इम्प्लांट बसवलेल्या कुणी आहे का? सोलापूर

पाखरू:
ताईंनो, मुलगी आठ महिन्यांची झाली, अजून अंगावर पिते. दुसरं मूल तीन वर्षं तरी नको, नवऱ्याचंही तेच म्हणणं आहे. डिलिव्हरीनंतर लगेच कॉपर-टी बसवली होती पण ओटीपोट एवढं दुखायचं की काढून टाकली. आता आशाताई म्हणतात दिवस राहू नयेत म्हणून दंडात काडी बसवतात, इम्प्लांट म्हणतात, तसलं पण असतंय, डॉक्टरांना विचारून बघ. मी घरीच विड्या वळते, हजार विड्या म्हणजे दिवसभर दोन्ही हात चालूच, मग हात दुखला तर कसं करायचं? आणि सासूबाई म्हणतात काडीनं पाळी बंद झाली की रक्त अंगात साचतं न गाठी होतात. खरंय का हे? कुणी बसवलं असेल तर सगळं सांगा, चांगलं वाईट दोन्ही.

चादरवाली:
मी बसवलंय, बहिणीकडं बेंगळुरूला होते तेव्हा. बसवायला काहीच वेळ लागत नाही, दंडाच्या आतल्या बाजूला बधिर करायचं इंजेक्शन देतात तेवढंच टोचतं. काडी आगपेटीच्या काडीएवढी, मऊ. झाल्यावर सिस्टरने माझीच बोटं धरून तिथं ठेवली, म्हणाल्या लागतीय ना हाताला, अधूनमधून अशीच चाचपून बघायची. दोनचार दिवस निळं पडलं होतं, मग काही नाही, मी शिलाई मशीनवर बसते, कधी त्रास नाही.
त्रास झाला तो रक्तस्रावाचा. पहिले काही महिने पाळीला तारीखच राहिली नाही, चार दिवस डाग, मग आठ दिवस काही नाही, परत डाग. आमच्यात अजून बाजूला बसायची पद्धत आहे, त्यामुळं देवघर बंद, स्वयंपाक जावेवर, मार्गशीर्षातले गुरुवार गेले, गड्ड्याच्या जत्रेला घरचे सगळे सिद्धेश्वराला गेले न मी घरी. डॉक्टरांसाठी तो "किरकोळ साईड इफेक्ट" असेल पण घरात रोज तोंड द्यायला आपण असतो. नंतर कमी होत गेलं, आता कधीतरीच येते, मी ठेवणार आहे. पण बसवायच्या आधी हे कुणीतरी बसून सांगायलाच पाहिजे होतं असं माझं मत आहे.

सिस्टरताई:
मी जिल्ह्यातच पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं, नाही, रक्त साचत नाही. या काडीतल्या हार्मोनमुळं बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, मग बाहेर पडायला रक्तच तयार होत नाही. पाचातल्या एखादीची पाळी पूर्ण थांबते, बऱ्याच जणींची अनियमित होते, हे आधी मान्य असेल तरच बसवा.
काडी साधारण 4 सेंटिमीटरची, 3 वर्षं चालते, हजारात एखादीलाही दिवस जात नाहीत इतकी खात्रीची. दूध पाजताना चालते. ज्या हाताने कमी काम करता त्या हातात बसवतात, म्हणजे बहुतेकींचा डावा, विड्या वळायला अडचण नाही, फक्त पट्टी असेपर्यंत जड उचलू नका. काढल्यावर लवकरच पुन्हा दिवस राहू शकतात, दर तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतराच्या इंजेक्शनला त्यापेक्षा बराच वेळ लागतो.
पण टीबीची रिफाम्पिसिन किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर आधी सांगा हां, त्यांनी काडीचा परिणाम कमी होतो. जागा लाल होऊन पू आला, ताप आला, पॅड तासातासाला भिजायला लागलं किंवा काडी हाताला लागेनाशी झाली तर थांबू नका, लगेच दाखवा. नवऱ्याची सही लागत नाही. सरकारी केंद्रात हे टप्प्याटप्प्यानं येतंय, सगळीकडं नाही, तेव्हा जवळ ट्रेनिंग झालेले डॉक्टर कुठं आहेत ते आधी विचारा. अंतरा इंजेक्शन, छायाच्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र पीएचसीला फुकट मिळतात.

शांत_संध्याकाळ:
माझं वेगळं आहे की ओ. मला डाग काही थांबेनात, हिमोग्लोबिन आधीच कमी, चक्कर यायची. जिथं बसवलं तिथं काढायला गेले तर "एवढं महाग साधन फुकट दिलंय, अजून थोडे दिवस काढ, सवय होईल" म्हणून परत पाठवलं. परत गेले तर डॉक्टर नाहीत. शेवटी खासगीत पैसे देऊन काढलं. बसवायला सगळे हौसेनं उभे असतात न काढायला कुणीच नाही, हे मला अजून सलतंय. काडी माझ्या अंगात होती, मग कधी काढायची तेही मीच ठरवणार ना?

सिस्टरताई:
ताई, तुमच्यासोबत चुकीचं झालं. तीन वर्षं ही कमाल मुदत आहे, तुम्ही कधीही काढायला सांगू शकता, कारण द्यायची पण गरज नाही. डाग थांबायला गोळ्या असतात, त्या द्यायच्या होत्या, आणि नको म्हटलं तर काढून द्यायचं होतं. पाखरू, तुम्ही बसवायच्या आधी तिथंच विचारा, काढायचं म्हटलं तर कोण काढणार न कुठल्या वारी ते हजर असतात. नीट उत्तर नाही मिळालं तर तिथं बसवू नका.

पाखरू:
सगळ्यांचे खूप आभार. देवघराचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आमच्यात पण तसंच आहे, आधी सासूबाईंशी बोलते. हिमोग्लोबिन डिलिव्हरीच्या वेळी 9 होतं, ते आधी तपासायला सांगू का?

सिस्टरताई:
हो, आधी तेच. पीएचसीला बोटातून थेंब घेऊन लगेच सांगतात. कमी असलं तर लोहाच्या गोळ्या आत्तापासूनच सुरू करा आणि बसवेपर्यंत कंडोम वापरा. अंगावर पाजतेय म्हणून दिवस राहणार नाहीत यावर आता विसंबू नका, बाळ सहा महिन्यांचं झालं की तो भरवसा राहत नाही.