फर्मेंटर एकच आहे, लागर मुरवायची कशात?

हेलेसवाला
१९ लिटर म्युनिक हेलेस (फिकी जर्मन लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवून मुरवायची बियर) लावली आहे. यीस्ट डब्ल्यू-३४/७०, तापमान १२ अंश, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (साखरेमुळे येणारी घनता, आंबताना उतरते) १.०४८. आज दहावा दिवस, ग्रॅव्हिटी १.०१४, १.०१० च्या आसपास थांबेल. नंतर पाच आठवडे १ अंशावर मुरवायची आहे, पण त्याच फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) पिल्सनर, म्हणजे दुसरी फिकी लागर, लावायची घाई आहे. आत्ताच काढून घेऊ का? कॉर्नी केग (दाबाखाली बियर ठेवायचं स्टीलचं पिंप) आहे, काचेचा कारबॉयही (अरुंद तोंडाची मोठी बाटली) आहे.

साका_तळाशी
आत्ता मुळीच काढू नका. १.०१४ म्हणजे तापमान वाढवायची नेमकी वेळ. १७ अंशांवर नेऊन तीन दिवस ठेवा. लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल यीस्टच खाऊन टाकतं, त्यासाठी ते जागं आणि बियरमध्येच हवं. साक्यावरून (तळाशी बसलेल्या यीस्टवरून) लवकर उचललेली लागर पुढे कितीही मुरवली तरी तो वास सहसा जात नाही.

खात्री करायची सोपी रीत: दोन ग्लासांत नमुना घ्या. एक झाकून ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, मग गार करून दोन्हींचा वास घ्या. गरम केलेल्यात लोणी जाणवलं तर आणखी दोन दिवस थांबा. दोन्ही स्वच्छ आणि ग्रॅव्हिटी दोन दिवस तीच, की फर्मेंटरचं काम संपलं. मुरवणं केगमध्येच करा. कारबॉयमध्ये ओतताना हवा मिसळते, आणि महिन्याभरात फिक्या लागरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

बंद_नळी
काढायची पद्धत अशी. केग स्टार सॅन या जंतुनाशकाच्या पाण्याने (लिटरला १.५ मिली) अगदी झाकणापर्यंत भरा आणि ते सगळं सीओटूने बाहेर ढकला. नुसता गॅस सोडून हवा नीट जात नाही. मग फर्मेंटरच्या तोटीतून येणारे पहिले दोन-तीनशे मिली टाकून द्या आणि नळी केगच्या लिक्विड पोस्टला (आतून तळापर्यंत नळी असलेल्या तोंडाला) जोडा, म्हणजे बियर तळापासून भरत येते. गॅस पोस्टमधून (गॅसच्या तोंडातून) दाब सोडत राहा.

भरल्यावर २ बारचा दाब देऊन झाकण बसवा आणि साबणाच्या पाण्याने गळती तपासा. ही पायरी गाळू नका: थंड होताना बियर गॅस शोषते, वरचा दाब उतरतो, सील सैल पडतं आणि हवा आत जाते. म्हणून गॅस ०.६ ते ०.७ बारवर जोडलेलाच ठेवा. १ अंशाला त्यातून साधारण अडीच व्हॉल्यूम (बियरच्या अडीचपट सीओटू) कार्बोनेशन मुरता मुरताच होतं.

फ्रीझरच्या कंट्रोलरचा सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नका. केगला चिकटवून वर फोमचा तुकडा लावा, नाहीतर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होतो. साधारण ५ टक्क्यांची बियर उणे दोनच्या थोडी खाली गोठू लागते, तेव्हा १ अंशच बरा.

हेलेसवाला
केगच्या तळाशी साका बसेल त्याचं काय? आणि बियर निवळायला घालतात ते जिलेटिन घरी चालत नाही.

साका_तळाशी
डिप ट्यूब (केगमधली बियर वर घेणारी नळी) तळापासून दीड सेंटीमीटर वर येईल इतकी कापा, किंवा तरंगती ट्यूब बसवा. ती वरची, निवळलेली बियर आधी घेते. मुरल्यावर केग हलवू नका. जिलेटिन प्राण्यांपासूनचं आणि आयसिंग्लास माशाचं, म्हणून बायोफाइन क्लिअर घ्या. ते सिलिकाचं असतं. खरं तर पाच आठवडे १ अंशावर राहिलेल्या हेलेसला बहुधा त्याचीही गरज पडत नाही.

पिल्सनरसाठी नवं यीस्ट घेऊ नका. फर्मेंटर रिकामा झाला की २५० ते ३०० मिली दाट साका उकळून गार केलेल्या बरणीत काढा आणि आठवड्याच्या आत वापरा. धुवायच्या आधी काढा, एवढंच.

बाटलीत_मुरवा
केग नसलेल्यांसाठी: डायअसिटिल गेल्यावर १९ लिटरला सुमारे १२० ग्रॅम साखर पाण्यात उकळून घाला आणि बाटल्या भरा. दोन आठवडे १८ ते २० अंशांवर ठेवा, मग फ्रिजमध्ये मुरवा. साखरेचा हिशोब करताना आंबवण संपल्यावर बियर सर्वांत जास्त किती तापमानाला होती ते धरा, इथे १७ अंश. १ अंश धरून हिशोब केला तर साखर फार कमी पडते आणि बियर बसकी होते.