वंशावळ शोधायला शिकवणारे स्वयंसेवक दोन दिवसांत तयार होतील?

वाचनालयवाला
2023च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांपेक्षा पणजोबा शोधणारेच जास्त येतात. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात एजंट बसलेले आहेतच. नोंद काढून देतो म्हणतात, भाव माणूस बघून ठरतो.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक तालुक्यात पाच-सहा स्वयंसेवक तयार करा. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, कॉलेजची पोरं, कोणीही चालतील. दोन दिवसांचं शिबिर पुरे. त्यांनी नोंद शोधून द्यायची नाही, शोधायची कशी ते शिकवायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी काय विचारायचं, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा कसा मागायचा, गाव नमुना 14 म्हणजे कोतवाल बुक बघायला अर्ज कुठे करायचा, जमिनीच्या फेरफारातल्या वारसनोंदींवरून एकेक पिढी मागे कसं सरकायचं. यातलं बरंचसं देवनागरीत आहे. जुन्या मोडी लिपीचा बाऊ करून लोकांना एजंटाच्या दारात उभं करण्यात काय हशील?

बोरूटाक
साफ असहमत. तुम्ही देवनागरी म्हणता, पण दोन पिढ्या मागे गेलात की मोडी येतेच. आधी ओळ आखून घेतलेली, अक्षरं तिला लटकलेली, शब्द तोडलेले नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा पत्ता नाही. तक्त्यावरची बाराखडी आली म्हणजे मोडी आली असं होत नाही, कारकून बदलला की वळण बदलतं. ज्याला स्वतःला धड लागत नाही तो शिकवणार, त्याच्याकडून शिकलेला आणखी चार जणांना शिकवणार. एकाने चुकीचं वाचलं तर निस्तरता येतं. इथे तुम्ही चुकांची घाऊक पेठ काढताय.

वाचनालयवाला
@बोरूटाक, मोडी शिकवा असं मी म्हटलंच नाही. पान मोडीत आहे हे ओळखायचं आणि जाणकाराकडे पाठवायचं, बास. तुम्हा मोडी वाचणाऱ्यांचंच गिऱ्हाईक वाढेल. 🙂

निवृत्त भाऊसाहेब
तलाठी म्हणून नोकरी झाली, त्या अनुभवावरून सांगतो. मोडी राहू द्या, स्वच्छ देवनागरीतसुद्धा लोक आपटतात. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. म्हणजे आधी एक 'रामा बिन लक्ष्मण', म्हणजे लक्ष्मणाचा मुलगा रामा, मग त्याचा 'लक्ष्मण बिन रामा', आणि त्याच्या पोटी पुन्हा 'रामा बिन लक्ष्मण'. आडनाव लिहिलेलं असेलच असं नाही. माणूस काय करतो, त्याला हवा तो रामा उचलतो. जमिनीचा गट किंवा जुना सर्व्हे नंबर जुळतो का, हे बघायचं सुचत नाही. त्यात स्वयंसेवक गावातलाच असला तर 'अरे तोच की तुमचा' म्हणून मोकळा.

आणि हे हौसेचं राहिलेलं नाही. कुणबी इतर मागासवर्गात येतो आणि त्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून तर सगळे त्याच्या मागे धावतायत. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते. पडताळणीत ती खोटी ठरली तर सही करणारा अडकतो, शिबिरवाला नाही.

गोदाकाठ
भाऊसाहेबांचं पटतं, पण म्हणून थांबायचं कशासाठी? आमच्या मराठवाड्यात 1948पर्यंत निजाम. कागद उर्दूत, 'बिन'च्या जागी 'वल्द', साल फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं. फसली 1330 म्हणजे 1920-21, त्यात 590 मिळवायचे. कोणी शकासारखे 78 मिळवले तर पणजोबा थेट बहमनी सुलतानाच्या काळात जाऊन बसतो. आता हे शिकायला काय पीएचडी लागते? अर्ध्या तासाचं काम आहे. ते सांगणारा माणूस तालुक्याला नाही, हीच तर बोंब आहे. निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेली माणसं आता नव्वदीला आली. तुम्ही सावकाश पाच वर्षं तज्ज्ञ घडवत बसा, तोवर ती असणार आहेत का?

बोरूटाक
म्हणजे घाई आहे म्हणून कच्चं चालेल?

गोदाकाठ
कच्चं नको. पण फसलीचं कोष्टक समजावायला मोडीचा पंडित कशाला लागतो, एवढंच विचारतोय.

माहेर सातारा
सगळे रामा-लक्ष्मणातच अडकलेत. माझ्या सासरच्या कुलवृत्तांतात पणजोबांना 'चार पुत्र, दोन कन्या' आहेत. पुत्रांची नावं, शिक्षण, नोकरी, सगळं. कन्या नुसत्या दोन. जुन्या जन्मनोंदीत तर बापाचं नाव आणि पुढे 'मुलगी', संपलं. लग्नानंतर नाव बदललं की माग सुटतो. कचेरीला लागते ती बापाकडची वंशावळ, आणि तुमचं शिबिर तीच शिकवणार. मग पुढची शंभर माणसंही तीच काढणार. शिकवणारे तयार करायचेच असतील तर पहिल्या दिवशी एक गोष्ट घाला: आजीला तिच्या माहेरचं गाव, मामाचं आडनाव आणि लग्नाआधीचं नाव विचारायचं. आमच्या आत्येसासूबाईंनी नऊवारीच्या घडीतून एक लग्नपत्रिका काढून दिली, मागच्या पिढीतल्या सगळ्या बायकांची माहेरं तिच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली. हे कोणत्या अभिलेख कक्षात मिळतं?

पंचगंगा
आमच्याकडं हेळवी येतात. चोपडी उघडून घराण्याची नावं घडाघडा वाचतात, पसाभर धान्य न्हाईतर पैसे घेतात. पिढ्यान् पिढ्या त्यांचं हेच काम. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही आपल्या आज्याच्या सह्या सापडतात. या लोकांना शिबिरात शिकवायला बोलवायचं सोडून त्यांचंच काम फुकट करणारे 'स्वयंसेवक' तयार करणार काय? मानधन द्या, मग बोलू.

वाचनालयवाला
@पंचगंगा, मानधनाचा मुद्दा बिनतोड. @माहेर सातारा, तुमचे तीन प्रश्न घेतले. भाऊसाहेबांसाठी एक अट घालू: स्वयंसेवकाने 'हाच तुमचा' हे शब्द उच्चारायचे नाहीत आणि माउसला हात लावायचा नाही. समोरच्यानेच शोधायचं, प्रत्येक नावापुढे कागद कुठला ते त्यानेच लिहायचं. पुरावा नसेल तिथे जागा कोरी. पण शिबिर दोनच दिवसांचं, त्यावर मी ठाम आहे. महिनाभर सांगितलं तर कोणी फिरकणार नाही.

बोरूटाक
मग त्याला शिक्षक म्हणू नका. वाटाड्या म्हणा. त्याला माझा विरोध नाही.

निवृत्त भाऊसाहेब
काय म्हणायचं ते म्हणा. फक्त पहिल्या तासाला शिकवा की थुंकी लावून पानं उलटायची नाहीत, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावायची नाही, आणि कोणी उत्साही निघाला तर त्याला कोतवाल बुक लॅमिनेट करू द्यायचं नाही. हा प्रकार डोळ्यांनी पाहिलाय.