मदत हवी आहे: नान खलिया आणि दमदार शिराझ वाइन, तवंगाचं काय करावं?

नमस्कार मंडळी. संभाजीनगरात घरी आठ जणांचं जेवण आहे. बेत नान खलियाचा (नानसोबत मटणाचा तिखट रस्सा), सोबत नाशिकची, ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शिराझ ही लाल वाइन, 14 टक्के अल्कोहोलची. चव अशी: पिकलेलं जांभूळ, काळी मिरी, थोडा धूर, आणि शेवटी हिरड्या कोरड्या करणारा टॅनिनचा (द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या घटकाचा) तुरटपणा.

मटणातली प्रथिनं आणि चरबी हा तुरटपणा मऊ करतात, तिथवर जोडी छान. पेच तिखटाचा आहे. अल्कोहोल जास्त असलं की मिरचीची आग भडकते आणि टॅनिन कडवट लागतं. मिरचीचा जाळ तेलात उतरतो, म्हणजे तो खलियाच्या तवंगातच असतो. तवंग काढला तर चरबी जाते, ठेवला तर तोंड भाजतं! काश्मिरी मिरचीने रंग राखून तिखट निम्मं करावं, असा विचार आहे. खलियाची ओळख पुसणार नाही ना? की शिराझ सोडून कमी टॅनिनची वाइन घ्यावी?

गारव्याचं ठरलंय. इथल्या उन्हाळ्यात खोलीतच 35 अंश असतात, म्हणून बाटली बर्फ-पाण्यात ठेवून 16 ते 18 अंशांवर आणायची. फार गार झाली तर तुरटपणा टोचतो.

आणखी एक, दोघे शाकाहारी आहेत. येसराच्या (भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्यांच्या पिठाच्या) आमटीत टॅनिनला धरायला काहीच नाही. शेंगदाणे-तिळाचं कूट भरलेली वांगी या वाइनसोबत कुणी वाढली आहेत का? गूळ-चिंच किती ठेवली होती?