गिगला बसून स्केच काढणं: हे ऐकणं आहे की नाही?

कोरी वही (धागाकर्ता)

गेल्या शनिवारी पुण्यात एका गच्चीवरच्या छोट्या गिगला, म्हणजे लाइव्ह गाण्याच्या कार्यक्रमाला, गेलो होतो. स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारी एक मुलगी, हातात गिटार, सोबतीला कहोनवर (हाताने वाजवायच्या लाकडी पेटीवर) एक जण. ऐकायला पन्नासेक माणसं, प्रवेशिका ४०० रुपये. मी दुसऱ्या रांगेत, मांडीवर वही, हातात ब्रशपेन. मध्यंतरात शेजारचे एक काका म्हणाले, "ती गात होती तेव्हा तुमची मान खाली होती. सगळ्यांनी असंच केलं तर तिने गायचं कोणासाठी?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. चार दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा काढतोय.

मी आठेक वर्षं अशा कार्यक्रमांत चित्रं काढतो. सुरुवात एनएच७ वीकेंडरला झाली. हा महोत्सव पुण्यात २०१० साली सुरू झाला. मी पहिल्यांदा वही नेली तेव्हा स्टेज इतकं लांब होतं की माणसं काडेपेटीएवढी दिसत होती. खरी मजा कळली ती नंतर, लहान जागांत.

गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात काढणं सगळ्यात कठीण. बोटं एका जागी दोन सेकंदही थांबत नाहीत. पण ध्रुवपद परत आलं की हातही परत त्याच जागी येतो. म्हणजे मला तीच पोझ पुन्हा मिळते, फक्त ती कधी मिळणार हे आधी कळायला हवं. दोन कडवी, ध्रुवपद, मग मधला वेगळा तुकडा, पुन्हा ध्रुवपद, ही सगळी बांधणी कानाने धरावी लागते, नाहीतर हात अर्धाच राहतो. शनिवारी एका गाण्यात तीनदा हात बरोबर त्या जागी आला. चौथ्या वेळी, शेवटच्या ध्रुवपदाला, आलाच नाही. तिने तिथे काहीतरी वेगळं वाजवलं. माझ्या आजूबाजूला ते कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. माझ्या आलं, कारण मी त्या हाताची वाट बघत होतो.

आणखी एक. लाल दिवा लागला की लाल पेन्सिलीची रेघ पांढऱ्या कागदावर दिसेनाशी होते. तेव्हा न बघता, नुसत्या आवाजाच्या चढउतारावर हात चालवावा लागतो. माझी काही सगळ्यात जिवंत पानं त्या दिव्यात निघाली आहेत.

माझ्या मते चित्र काढणं ही माझी ऐकण्याची रीत आहे. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने सांगा.

मागची रांग

मला त्या काकांचं पटतं.

आमच्या घरी गाणं ऐकायची शिस्त होती. १९५३ साली भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. माझे वडील तिथे रात्र रात्र बसायचे. ते सांगायचे, दाद म्हणजे शेवटच्या टाळ्या नव्हेत. समेवर मान हलते, एखादी जागा आली की तोंडून "वा" निघून जातं, गाणाऱ्याची नजर तुमच्याकडे येते आणि तो पुढची जागा घेतो. ऐकणारा त्या गाण्यात सामील असतो. हजारोंच्या मंडपात एकाची मान खाली असली तर काही बिघडत नाही. पन्नास माणसांच्या गच्चीवर बिघडतं. दुसऱ्या रांगेत तर नक्कीच.

आणि ज्यांच्यामागे ना कंपनी ना प्रायोजक, त्यांच्यासाठी समोरचे पन्नास चेहरे हेच सगळं असतं. त्यातला एक चेहरा तुम्ही काढून घेता. तुम्हाला हात दिसला, ठीक. पण तिला तुमचा चेहरा दिसला का?

अर्धी मात्रा

मी बास गिटार वाजवतो, मुंबईत, दोन बँडमध्ये. स्टेजवरून काय दिसतं ते सांगतो.

समोर चाळीस माणसं असतील तर पंधरा फोन वर असतात. फोनमागचा माणूस मला दिसत नाही, दिवा दिसतो. वही घेऊन बसलेला माणूस मात्र सतत वर बघतो, खाली बघतो, परत वर बघतो. तो माझ्याकडे इतरांपेक्षा जास्त वेळा बघतो आणि कुठे बघतो तेही कळतं. बासवाल्याकडे सहसा कोणी बघत नाही, त्यामुळे मला ते फार जाणवतं. एकदा एका मुलीने फक्त माझ्या उजव्या हाताची दोन बोटं काढली होती. चौदा वर्षांत माझ्या बोटांकडे इतकं नीट कोणी पाहिलं नव्हतं. ते पान मी मागून घेतलं. माझ्या खोलीत लावलंय.

तक्रार एकच. वहीला चिमट्याने लावायचे ते छोटे दिवे आणू नका. अंधारात तो पांढरा ठिपका थेट डोळ्यांत जातो.

टिपकागद

धागाकर्त्याच्या बाजूने एक पुरावा देतो. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना फोनवरचा एक निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला दिले. रंगवणाऱ्यांना त्यातला मजकूर २९ टक्के जास्त आठवला. हात चालू असला की कान बंद होतात, हे गृहीतकच चुकीचं आहे.

मागची रांग

@टिपकागद, तो निरोप मुद्दाम कंटाळवाणा ठेवला होता. मन भरकटू नये म्हणून हाताला काम दिलं, असा त्या प्रयोगाचा अर्थ आहे. शिवाय ते चौकोन-गोल भरत होते, समोरच्या माणसाचा चेहरा उतरवत नव्हते. चेहरा काढायला पूर्ण लक्ष लागतं. ते लक्ष कुठून येतं? गाण्यातूनच कापलं जातं ना? आणि काय आठवतं हा माझा प्रश्नच नाही. त्या क्षणी तिथे असणं हा आहे. सोफार साउंड्स हे घरगुती कार्यक्रम २००९ साली लंडनमध्ये सुरू झाले ते याच कारणाने, लोक गाणं चालू असताना गप्पा मारतात म्हणून. लोक जमिनीवर बसतात, फोन खिशात, नजर समोर.

गच्चीवरचा सूर

मी स्वतः गाणी लिहिते आणि गाते. वही चांगली की वाईट यावर माझं ठाम मत नाही, पण एक अनुभव सांगायलाच हवा.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमात मी एक नवं गाणं पहिल्यांदाच म्हटलं. अजून रेकॉर्डही झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी माझं स्केच इन्स्टाग्रामवर टाकलं. चित्र सुंदर होतं. पण कोपऱ्यात, छान अक्षरात, माझ्या ध्रुवपदाच्या चार ओळी लिहिलेल्या होत्या. त्यातला एक शब्द मी नंतर बदलणार होते. लोकांनी तोच पाठ केला. पुढच्या कार्यक्रमात मी नवा शब्द म्हटला तर समोरून जुना आला. गाणं माझ्या हातातून आधीच निसटलं होतं.

मग त्याच चित्राच्या प्रती विकायला आल्या. माझा चेहरा, माझे शब्द. मला विचारलंसुद्धा नाही. स्पॉटिफायचा २०२४ पासून नियम आहे: वर्षभरात १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याचे पैसेच मिळत नाहीत. माझी निम्मी गाणी त्याखाली होती. म्हणजे माझ्या गाण्याला काही नाही आणि त्याच्या चित्राला किंमत.

रागाने लिहीत नाहीये. चित्रकाराला हे कळलं असतं तर त्याने केलं नसतं, याची मला खात्री आहे. पण कळायला विचारावं लागतं.

कलम

जरा कायद्याचं. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३८ आणि पुढच्या कलमांत सादरकर्त्याचा हक्क येतो. कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण, दृश्यमुद्रण, प्रक्षेपण त्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. पण दृश्यमुद्रण म्हणजे हलत्या प्रतिमा. हाताने काढलेलं चित्र त्यात बसत नाही.

गीताच्या ओळींचं मात्र वेगळं आहे. ती स्वतंत्र साहित्यकृती आहे. चार ओळी चित्रात लिहून प्रती विकणं हा उघड प्रश्न आहे. गच्चीवरचा सूर यांची तक्रार कायद्यातही टिकेल.

रेषेचा गुलाम

माझं मत जरा वेगळं आहे. दरवेळी विचारून काढलं तर चित्र मरतं. परवानगी मागितली की समोरचा सरळ बसतो, केस नीट करतो. आपल्याला हवा असतो तो सूर लावताना वाकडा झालेला ओठ.

फ्रान्समध्ये तुलूझ-लोत्रेकने १८९४ साली इव्हेत गिल्बेर या गायिकेच्या चित्रांचा १६ पानी संच काढला. लांब काळे हातमोजे, ताणलेली मान, वर गेलेली हनुवटी. आपल्याला तो किती कुरूप काढतो, अशी तिची तक्रार होती. आज ती कशी गात असेल याची कल्पना आपण त्याच पानांवरून करतो. छायाचित्रांत ती नुसती उभी आहे.

गच्चीवरचा सूर

@रेषेचा गुलाम, कुरूप दिसायची मला भीती नाही. वरच्या पट्टीत माझा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे, खुशाल काढा. पण तो संच निघाला तेव्हा पॅरिसमध्ये गिल्बेरचं नाव आधीच मोठं होतं. माझं नाही. बऱ्याच लोकांना माझी पहिली ओळख तुमच्या चित्रातून होते, माझा आवाज नंतर पोचतो. एवढा फरक लक्षात घ्या.

डोंबिवली फास्ट स्केच

अर्बन स्केचर्स ही चळवळ २००७ साली सिएटलच्या एका पत्रकाराने सुरू केली. जागेवर बसून काढायचं आणि जे दिसतं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, ही त्यांची अट. मी मुंबईत त्यांच्याबरोबर जातो. रेल्वे स्टेशन काढताना हे सोपं आहे. गाणारं माणूस काढताना प्रामाणिकपणा नक्की कोणाशी, हा प्रश्न मला हा धागा वाचून पहिल्यांदा पडला.

कोरी वही

सगळ्यांचे आभार.

@गच्चीवरचा सूर, मीसुद्धा कोपऱ्यात ओळी लिहितो. मला ते गाण्याचं कौतुक वाटायचं. आजपासून बंद. जुन्या वह्या चाळून, ऑनलाइन टाकलेल्या पानांतल्या अप्रकाशित गाण्यांच्या ओळी काढून टाकतोय. आतापर्यंत सात पानं सापडली.

@मागची रांग, तुमचं दादीचं म्हणणं मला लागलं. पण लक्ष गाण्यातून कापलं जातं हे मला मान्य नाही. मी सेटमधली सगळी गाणी काढत नाही. जे गाणं आत शिरतं त्यालाच हात चालतो, बाकीच्या वेळी पेन झाकलेला असतो. दुसऱ्या रांगेत मात्र यापुढे बसणार नाही. कडेला, खांबाशी बसेन.

गच्चीवरचा सूर

त्या शनिवारच्या मुलीला चित्रं दाखवलीत का?

कोरी वही

नव्हती दाखवली. तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री तिला दोन्ही पानं पाठवली आणि त्या चौथ्या ध्रुवपदाबद्दल विचारलं. तिचं उत्तर आलं. हात बरोबर आहे म्हणाली. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) मात्र मी चौथ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) काढलाय, तो दुसऱ्यावर होता. आणि शेवटच्या ध्रुवपदात तिने मुद्दाम काही बदललं नव्हतं. तिसरी तार उतरली होती, म्हणून तिला टाळून वरच्या जागेवरून वाजवलं. मी ते तिने ठरवून केलं असं समजलो होतो.

मागची रांग

तार उतरली असेल तर ती त्याच्या आधीच्या कडव्यातच बेसूर ऐकू यायला लागली असणार. नुसते कान देऊन बसलेल्याला ते तिथेच कळलं असतं. माझं म्हणणं कायम आहे.

हाताचं ते पान बघायची मात्र इच्छा आहे. ती हो म्हणाली तर इथे टाका.