रोपं वाटताना चिठ्ठीवर नुसतं 'चाफा' लिहिणं बंद करावं का?

परसदार: करावंच. शास्त्रीय नाव सक्तीचं हवं. सोनचाफा, हिरवा चाफा, खुरचाफा, भुईचाफा ही चार वेगळ्या कुळांतली झाडं. खुरचाफ्याची फूटभर फांदी कापायची, चीक सुकेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवायची, मग वाळू मिसळलेल्या मातीत खोचायची. ओलीच लावली तर बुडातून कुजते. सोनचाफ्याला हेच केलंत तर हाती काटकी उरते. त्याला कलमच हवं. बियांचं रोप फुलायला सात-आठ वर्षं घेतं, आणि बी शिळं असेल तर मुळात रुजतच नाही.

अंगणवेल: हा दोष नावाचा नाही, अर्धं नाव लिहिणाऱ्याचा. 'भुई' उगाच नाही लागलेलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी एक पान नसताना फूल थेट जमिनीतून येतं. आणि तुमची शास्त्रीय नावं तरी कुठे टिकतात? सोनचाफा 'मिशेलिया' होता, आता 'मॅग्नोलिया'. निशिगंधाला तर 'पोलिअँथिस'मधून उचलून 'अगेव्ह'मध्ये, म्हणजे घायपाताच्या पंगतीत बसवलाय! फुलवालीला गुलछडी म्हणा नाहीतर निशिगंध, ती बरोबर तेच देते.

परसदार: जुन्या शास्त्रीय नावावरून नवं शोधता येतं, तशी नोंदच असते. 'पांढरा चाफा' (म्हणजे खुरचाफाच) यावरून काय शोधणार? त्यात टोकदार पानांचा प्लुमेरिया रुब्रा येतो आणि गोल टोकाचा ऑब्ट्युसाही. रुब्रा थंडीत पानं गाळून खराटा होतो. लोकांना वाटतं मेला, म्हणून पाणी ओततात आणि मुळं कुजवून खरोखरच मारतात. ऑब्ट्युसा बराचसा हिरवा राहतो.

कुंडीभर माती: दोघांच्याही चिठ्ठीत कामाचं राहतंय. भुईचाफ्याची कुंडी डिसेंबरात रिकामी दिसते; कोणीतरी ती उपसून दुसरं काही लावतं. 'केम्फेरिया रोटुंडा' लिहून ते टळत नाही. 'भुईचाफा, खाली कंद आहे, फूल वर येईपर्यंत पाणी बंद' असं लिहा. हिरव्या चाफ्यावर 'मांडव लागेल' लिहा, कारण तो आकड्यांनी धरून चढतो. फूल पिवळं पडायला लागलं की वास येतो हेही लिहा, नाहीतर वास नाही म्हणून रोप परत येतं.

अंगणवेल: हे पटलं. सक्तीला मात्र विरोध कायम. जुनी झाडं ज्या आज्यांच्या परसात आहेत, त्या लॅटिन लिहायला लावलं तर फांदी देणारच नाहीत. 'खुरचाफा, पानाचं टोक गोल' एवढं मराठी पुरे.

परसदार: आणि कवठी चाफा? 'पिकल्या कवठासारखा वास' एवढ्यावरून तो कुठला मॅग्नोलिया, ते सांगा बघू.