नागराज की वेताळ? तुमच्या गल्लीत कोण जिंकायचं?

शहापूरकर: परवा निपाणीहून बेळगावला येत होतो. मागच्या सीटवर दोन पोरं, हल्क भारी की थॉर यावरून हमरीतुमरीवर आलेली. एक मराठीत भांडतोय, दुसरा कन्नडमध्ये, आणि दोघांनाही सगळं कळतंय. कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "थॉरचा हातोडा हल्कला उचलत नाही, विषय संपला."

आमच्या वेळी वाद कॉमिक्समधल्या नागराज विरुद्ध वेताळ, म्हणजे फँटमचा. मी वेताळवाला, आजही. अंगात शक्ती काही नाही, गोळी लागली तर मरणार. पण मेला तरी पोरगा तोच मुखवटा चढवून उभा! एकविसावा पडला तर बाविसावा येईल. नागराज किती पिढ्यांशी लढणार? तुमचे किस्से टाका.

वडगावचा बंड्या: वेताळ कसला बे! नागराजच्या रक्तात साप आहेत साप. एक विषारी फुंकर, की वेताळ घोड्यावरनं खाली. पोरगा मोठा होईपर्यंत काय करूया?

खानापूरवाली: आमच्याकडं कॉमिक्स भाड्यानं मिळायची. खाकी कव्हर, आणि शेवटची पानं हमखास गायब. नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव समोरासमोर, ठोसा उगारलेला, पुढं नुसती गंजलेली पिन. कोण जिंकलं ते दादा सांगायचा. दादा ध्रुववाला, त्यामुळं दर वेळी ध्रुवच. थांबा, कुकर झाला वाटतं.

चिक्कोडी एक्सप्रेस: दादा बरोबर होता. ध्रुव सर्कशीत वाढलेला, शक्ती नाही, तरी नागराजच्या बरोबरीनं उभा राहतो. डोकं लागतं की.

कॅम्पातला: चाचा चौधरीच्या साबूला विसरूलासा सगळे. गुरू ग्रहावरचा गडी. चिडला की लांब कुठंतरी ज्वालामुखी फुटतो.

वडगावचा बंड्या: आधी बिन्नी चाचीला विचार, चपात्या लाटून हात राहिलेत का.

टिळकवाडी गेट: माझं जरा वेगळं. रविवारी दुपारी बाराला टीव्हीवर शक्तिमान, एरवी साधाभोळा गंगाधर. संपला की मी कट्ट्यावरून गिरकी घेऊन उडी. हात मोडला. आई डॉक्टरसमोर रडूलीय आणि बाबा विचारूलेत, "गंगाधरच का नाही झालास रे?"

खानापूरवाली: अगं बाई! आता बरा आहे ना हात? थंडीत दुखतो का? माझ्या जावेचा दुखतो.

टिळकवाडी गेट: दुखतो थोडा. एरंडेल लावते आई अजून.

चिक्कोडी एक्सप्रेस: बॅटमॅनचं कुणीच नाही? सुपरमॅनला क्रिप्टोनाइट चालत नाही, ते त्याच्याच फुटलेल्या ग्रहाचे तुकडे. आणि बॅटमॅनकडं पैसा. विकत घेईल, विषय संपला.

कॅम्पातला: म्हणजे सावकार जिंकला. नवीन काय त्यात.

शहापूरकर: धागा वेताळचा होता हो...

वडगावचा बंड्या: गणपतीला येऊलास ना गावाकडं? पुण्याहून येताना बाकरवडी आण. मी कुंदा देतो. मग म्हणतो वेताळ जिंकला.

शहापूरकर: अर्धा किलो. आणि लेखी दे.