चर्चा: ड्युटीरूममधलं हसणं एवढं वाईट आहे का?

नाईटड्युटी:
सरकारी रुग्णालयात मेडिसिनची रेसिडेंट आहे. एका पेशंटच्या मुलाने अधीक्षकांकडे तक्रार केली आहे: वडील गेले त्याच रात्री डॉक्टर आणि सिस्टर आत हसत होते. हो, हसत होतो. आणि त्यात काही गैर होतं असं मला वाटत नाही.

सीपीआर म्हणजे बंद पडलेलं हृदय चालू करायला मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटीमीटर खोल छाती दाबायची. म्हाताऱ्या माणसाची बरगडी हाताखाली मोडल्याचं कळतं, तरी थांबायचं नसतं. अर्ध्या तासाने डेथ डिक्लेअर करायची, नातेवाइकांना सांगायचं, कागद भरायचे आणि पुढच्या कॉटकडे वळायचं. त्या रात्री ही तिसरी डेथ होती. सिस्टर म्हणाल्या, "यमराज आज नाईटला आहेत वाटतं, ड्युटी बदलून द्या रे कोणीतरी त्यांची." आम्ही पोट धरून हसलो आणि परत वॉर्डात गेलो. यात पेशंटचा अपमान कुठे झाला?

विदुला:
मी अशाच एका दाराच्या बाहेर बसलेली आहे, म्हणून लिहिते. आई आत व्हेंटिलेटरवर होती. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा मला राग नाही आला. मला वाटलं, आई शुद्धीवर आली असेल! मी भावाला फोनही लावला. पाच मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले ते ती गेल्याचं सांगायलाच. तुमचा थकवा मान्य, पण बाहेरचा माणूस प्रत्येक आवाजाचा अर्थ लावत बसलेला असतो हो.

श्रीरंग:
विदुलाताई, तुमचं दुःख समजतं. तरी मी डॉक्टरांच्या बाजूने आहे. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1927 च्या विनोदावरील निबंधात एका कैद्याचं उदाहरण दिलंय. सोमवारी फाशीला नेताना तो म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर छान झाली! परिस्थितीपुढे मान तुकवायला मन नकार देतं, ते असं. हे बंद केलंत तर माणसं आतून कोसळतील.

कल्पना_स्टाफनर्स:
श्रीरंगजी, तुमच्या गोष्टीत फाशी जाणारा बोलतो. तेच वाक्य जेलर बोलला असता तर?

माझी सगळी नोकरी वॉर्डात गेली. यमराजावरचा विनोद मीही केलाय, करेन. पण पोलिसांनी स्टेशनवरून आणून टाकलेल्या बेवारस पेशंटला टोपणनावं ठेवलेलीही ऐकलीत. नगरसेवकाच्या आईला कोणी टोपणनाव ठेवल्याचं एकदाही ऐकलं नाही. ज्याला विचारणारं कोणी नाही त्याच्यावरच विनोद होतात. आणि सरांनी केला की इंटर्नला हसावं लागतं, त्याला पोटात ढवळत असलं तरी.

नाईटड्युटी:
कल्पनाताई, टोपणनावांचं समर्थन मी करणारच नाही. पण सगळं एकाच मापाने मोजू नका. 2019 पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला 'मृतदेह हा पहिला गुरू' असा पाठ आहे, आणि तो हवाच. पण आपल्या हाताखाली पहिला पेशंट गेल्यावर त्या रात्री काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. समुपदेशक नाही, सुट्टी नाही. असतात ते ड्युटीरूममधले चौघं आणि चहा. तेवढंही काढून घेणार का?

विदुला:
चहा घ्या, हसा, दार लावून घ्या. मला विचारायचंय ते वेगळंच. त्या मुलाशी तुमच्यापैकी कोणी बोललं का?

नाईटड्युटी:
नाही. अधीक्षकांनी लेखी खुलासा मागितला, तो दिला. परस्पर संपर्क करू नका असं सांगितलंय. खुलाशात फक्त हसण्याबद्दल विचारलं होतं. आधीचा अर्धा तास कुणाची छाती कोण दाबत होतं, ते कोणी विचारलंच नाही.

कल्पना_स्टाफनर्स:
मग अधीक्षकांना सांगून त्यांच्यासमोरच त्या मुलाला भेट. मी येते सोबत.

विदुला:
जरूर भेटा. मला त्या अर्ध्या तासाबद्दल कोणी सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. हसण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मला अजूनही पटलेलं नाही.